कंबरभर पाण्यातली मीटिंग

देव सगळीकडे असतो म्हणतात. त्याचं बरं आहे, त्याला कुठे कोणाचा पगार घ्यायचाय. हेमराज बिचारा नोकरदार माणूस, आणि एप्रिलातल्या एका गुरुवारी सकाळी तो तीन ठिकाणी होता. त्याचा कंपनीचा फोन चंद्रपूरच्या ऑफिसात टेबलाच्या खणात होता. त्याचा आवाज पुण्याच्या मीटिंगमध्ये होता. आणि तो स्वतः, म्हणजे हाडामांसाचा हेमराज, मूल तालुक्यात आत, जंगलाला लागून असलेल्या आपल्या गावच्या तलावात कंबरभर पाण्यात उभा राहून जाळं ओढत होता. या तिघांतला खरा हेमराज कोणता, हे कधी कोणी विचारील असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पण विचारणारं माणूस भेटलं. आणि वेळ अशी आली, की बोलावं तर आपण मरतो आणि गप्प बसावं तर दुसरा.

आधी फोनचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

हेमराजची कंपनी दवाखान्यांची बिलं तपासते. विम्याचे पैसे द्यायचे की नाही हे ठरण्याआधी ती बिलं हेमराजसारख्या पोरांच्या लॅपटॉपवरून जातात. काम असं की माणूस चंद्रपुरात बसला काय नि झाडावर बसला काय, काही फरक पडत नाही. कोरोनात कंपनीने सगळ्यांना घरी पाठवलं, तेव्हा हेमराज गावी आला, ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या मोहल्ल्यातल्या आपल्या घरात मागच्या खोलीत टेबल टाकलं, आणि वर्षांमागून वर्षं गेली तरी कोणी परत ये म्हटलं नाही. आई आशाबाई डोळ्यांनी अधू. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसऱ्यात पहिल्यापासून नुसत्या सावल्या. बाप कधीच गेला. थोरली बहीण ताराबाई गावातच दिलेली, पण तिला तिचा संसार. तेव्हा घरून नोकरी हे हेमराजला देवाने आपण होऊन हातात ठेवलेलं दान वाटायचं.

मग मागच्या दिवाळीनंतर पुण्याहून फर्मान निघालं: आठवड्यातले चार दिवस ऑफिसात या. आणि ते नुसतं सांगून थांबले नाहीत. प्रत्येकाला कंपनीचा एक फोन दिला. फोन ऑफिसच्या वायफायच्या टप्प्यात आला की पुण्याच्या पडद्यावर तुमच्या नावापुढे हिरवा ठिपका, टप्प्याबाहेर गेला की लाल. लाल जास्त झाले की आधी मेल, मग पगारवाढ बंद, मग घरचा रस्ता. सही नाही, अंगठा नाही, नाव घेऊन हाक मारणारं कोणी नाही. माणूस काम करतो का झोपा काढतो हे त्या यंत्राला कळत नाही. माणूस आहे का, हेही कळत नाही. त्याला फक्त फोन कळतो.

हेमराजने चंद्रपुरात खोली केली. आणि दुसऱ्याच आठवड्यात आशाबाई मोरीत घसरून पडली. निरोप आला तसा तो उठून धावला, आणि कंपनीचा फोन खणात चार्जरला लावलेला तसाच राहिला. मूलच्या स्टँडवर ते आठवलं. पण आईला सोडून परत कुठे जाणार? दुसऱ्या दिवशी घरून भीत भीत त्याने हजेरी उघडून पाहिली. हिरवी. त्याच्या पुढच्या दिवशीही हिरवी. ऑफिसचा पिऊन संध्याकाळी कुलूप लावताना मेन स्विच पाडायचा, वायफाय बंद पडायचं आणि हेमराज घरी जायचा. सकाळी स्विच चालू झाला की हेमराज कामावर यायचा. इतका वक्तशीर तो जन्मात कधी नव्हता.

झालं. तेव्हापासून हेमराज फक्त सोमवारी तोंड दाखवायला जाऊ लागला. बाकीचे दिवस फोन नोकरीवर आणि माणूस घरी. लबाडी म्हणाल तर होतीच. पण त्याने एक बिल कधी मागे ठेवलं नाही, आणि आईला एकदाही पुन्हा पडू दिलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं सुरुवातीला तो दिवसातून दहा वेळा हजेरी उघडून पाहायचा. मग माणसाला सगळ्याचीच सवय होते.

हे गुपित घरातल्या चौघांनाच ठाऊक. त्यातला चौथा म्हणजे पत्रू, ताराबाईचा नवरा, हेमराजचा भाटवा. उंच, काटकुळा, तलावावर वाढलेला माणूस, आणि जिभेला हाड म्हणून नाही. हेमराजला तो सायब म्हणायचा. "सायब, तुह्या त्या फोनले दिवाळीचा बोनस भेटते का नाई?" असं विचारायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. पण चार माणसांत या गोष्टीचा ब्रसुद्धा त्याच्या तोंडून कधी निघाला नाही.

त्या गुरुवारी ताराबाई नागभीडला भाचीच्या बाळंतपणाला गेली होती. एरवी जाळ्याचं दुसरं टोक तिच्याकडे असायचं. पत्रू सकाळीच हेमराजच्या दारात येऊन उभा राहिला.

"चाल सायब. अर्ध्या घंट्याचं काम आहे."

"माही मीटिंग आहे ना, भाऊजी."

"मंग? कानात बोंड घाल नं ये. तुले कोन पाह्यते तिथी?"

खरंच कोणी पाहत नव्हतं. कॅमेरा बंद ठेवायची मुभा होती. हेमराजने आपला स्वतःचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या खिशात टाकला, तारा कानात घातल्या आणि पाण्यात उतरला. पुण्याचे साहेब चुकीच्या बिलांबद्दल बोलत होते. हेमराज मधून मधून "हो सर", "पाठवतो सर" म्हणत होता आणि जाळं ओढत होता. एक चांगला हातभर रोहू जाळ्यात फडफडला, तेव्हा पुण्याहून विचारणा झाली, हा कसला आवाज? "पंखा खराब झाला आहे सर," हेमराज म्हणाला. पत्रू हसता हसता पाण्यात बसला.

जाळं निम्मं आलं असेल नसेल, तेव्हा जंगलाकडून धूर उठला. पत्रूने मान वर केली.

"लावली बापा कोनीतरी मोहाखाली," तो म्हणाला.

मोहाची फुलं पडायचे दिवस. झाडाखाली पालापाचोळा असला की फुलं दिसत नाहीत, म्हणून लोक तो पेटवून देतात. बंदी आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, गार्ड गावात येऊन ओरडून सांगतो, आणि दर साली कोणीतरी पेटवतंच. त्या दिवशी वारा होता. आग पळाली, वनखात्याने लावलेलं बांबूचं रोपवन गेलं, आणि आग विझवायला गेलेला देवाजी नावाचा रोजंदार दोन्ही हातांनी भाजला. त्याला चंद्रपूरला न्यावं लागलं.

आग जिथून निघाली त्या झाडाखाली एक टोपली सापडली. अर्धी जळालेली, पण काठाला निळ्या दोऱ्याची शिवण शाबूत. जाळं विणायचा दोरा. तो दोरा आणि ती गाठ बघून गार्डला घर शोधायला वेळ लागला नाही. टोपली ताराबाईचीच होती. ती दर साली त्या झाडाखाली टोपली पालथी घालून ठेवायची. ज्याची टोपली त्याचं झाड, असा गावचा रिवाज. मोसम संपेपर्यंत त्या टोपलीला कोणी हात लावत नाही, की त्या झाडाखाली दुसरं कोणी वेचत नाही. त्या रिवाजानेच घात केला.

शुक्रवारी पत्रूला वनखात्याच्या रेंज ऑफिसात बोलावलं. पत्रू म्हणाला, मी तर तलावात होतो, माझ्या साळ्याला विचारा. आणि हेमराज मोठ्या तोऱ्यात गाडी काढून साक्ष द्यायला गेला. आपण शिकलेला माणूस, दोन वाक्यं नीट बोललो की मामला मिटला, अशा भ्रमात.

रेंज ऑफिसर नीलिमा मॅडम. तरुण बाई, पण डोळ्यांखाली आठवड्याची झोप साचलेली. आगीच्या दिवसांत त्या खात्यात कोणाला झोप नसते. त्यांनी हेमराजला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही काय करता?"

"नोकरी. चंद्रपूरले, कंपनीत."

"काल गुरुवार होता. ऑफिस नव्हतं?"

एवढ्या साध्या प्रश्नाची त्याने तयारीच केली नव्हती. "घरूनच काम करतो, मॅडम," तो म्हणाला.

"तलावावर तुम्हा दोघांना आणखी कोणी पाहिलं?"

कोणी नाही. सगळं गाव मोहाखाली होतं. आणि जे मोहाखाली होते, त्यांतला कोण पुढे येऊन बोलणार? प्रत्येकाला आपलीच कातडी प्यारी.

मॅडम म्हणाल्या, "हे बघा, मला कोणाला अडकवायची हौस नाही. पण देवाजीचे हात गेले आहेत. मेहुण्यासाठी साळा साक्ष देतो, हे कोर्टात कोणी धरणार नाही. तुमच्या कंपनीने एवढंच लिहून दिलं की त्या दिवशी तुम्ही ऑफिसात नव्हता, गावाहून काम करत होता, तर तुमच्या बोलण्याला वजन येईल. मग मी यांच्यावर केस बनवणार नाही. मंगळवारपर्यंत थांबते. कंपनीचा ईमेल द्या, मीही रीतसर विचारून घेते."

आणि हेमराजने दिला. टेबलावरचा पेन उचलून स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात, कंपनीचा ईमेल लिहून दिला. आपण काय लिहून दिलं हे त्याला फाटकाबाहेर आल्यावर कळलं. कंपनीच्या पडद्यावर त्याचा गुरुवार दिवसभर हिरवा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवार-रविवार त्याला अन्न गोड लागलं नाही. ताराबाई नागभीडहून धावत आली होती. ती टोपलीवरून स्वतःलाच शिव्या देत होती. पत्रू मात्र तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून जाळं सांधत होता.

"काऊन रे सायब, तोंड उतरलं?"

"काई नाई, भाऊजी. सोमवारी मॅनेजरसोबत बोलतो. होते सगळं."

"तुले तरास तर नाई ना होनार?"

"नाई."

पत्रू त्याच्याकडे पाहत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "मायले दिसत नाई, हे ध्यानात ठेवजो बापा." आणि पुन्हा जाळ्याला लागला. हेमराजला वाटलं, हा उगीच बोलतोय.

सोमवारी ऑफिसात पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला होता. चंद्रपूरचं एप्रिलातलं ऊन म्हणजे उघड्यावरची भट्टी. ऑफिसात एसी लावलेला, आणि अर्ध्याअधिक खुर्च्या रिकाम्या. शाखेचे मॅनेजर धनराज सर काचेच्या खोलीत बसले होते. नागपूरकडचा गोड बोलणारा माणूस, प्रत्येकाला बेटा म्हणणारा.

हेमराजने दार लावून घेतलं आणि मनाचा हिय्या करून सगळं सांगितलं. खण, चार्जर, मेन स्विच, तलाव, आग, पत्रू. काही ठेवलं नाही. शेवटी म्हणाला, "सर, जे करायचं ते करा. पगार कापा, काढून टाका. फक्त त्या दिवशी मी इथी नव्हतो, एवढं लिहून द्या."

धनराज सर चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"मला माहीत आहे, बेटा," ते म्हणाले. "होळीच्या वेळी दोन दिवस तुझ्या टेबलाची लाइन गेली होती. तुझा फोन बंद पडत आला होता. मीच पॉवर बँक लावून दिली."

हेमराज मागे वळून काचेतून आपल्या टेबलाकडे पाहू लागला.

"तू एकटाच आहेस असं वाटतं का तुला? बाहेर बघ. खुर्च्या मोज आणि खण मोज. पुण्याला आपली शाखा सगळ्यात वर आहे. हजेरीत पहिला नंबर. त्याच्या जोरावर ही शाखा उभी आहे, नाहीतर मागच्या वर्षीच बंद करणार होते. आता मी लिहून देऊ, की आमचा एक माणूस महिनोन्‌महिने सोमवार सोडून आला नाही आणि यंत्र हिरवं दाखवत राहिलं? उद्या पुण्याहून माणसं येतील, सगळे खण उघडतील. किती घरं बसतील सांग."

"पण सर, माहा भाटवा..."

"वनखात्याचा ईमेल शुक्रवारीच आला. सरकारी पत्र आहे, उत्तर द्यावंच लागतं. पुण्याने उत्तर दिलंसुद्धा. सिस्टीममध्ये जे आहे ते. त्या दिवशी तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऑफिसात होतास."

"मी नव्हतो, सर."

"मला माहीत आहे ना," धनराज सर खरोखरच मायेने म्हणाले. "पण आता तू कुठे होतास हे तू ठरवायचं नाही, बेटा. आणि तिथे जाऊन खणाबिणाचं बोललास तर ती नुसती गैरहजेरी राहणार नाही. फसवणूक होईल. पुणे पोलिसात जाईल, मला थांबवता येणार नाही. मग पुढची कोणतीही कंपनी आम्हाला फोन करून विचारील, मुलगा कसा आहे. घरी आई आहे ना तुझी?"

हेमराजने राजीनाम्याचं विचारलं. धनराज सर म्हणाले, दे की. राजीनाम्यावर 'वैयक्तिक कारण' असं छापलेलंच असतं, दुसरं काही लिहिता येत नाही. म्हणजे नोकरीही गेली असती आणि पत्रूच्या कामाचंही काही झालं नसतं. तेलही गेलं, तूपही गेलं. तो बाहेर येऊन आपल्या जागेवर बसला. खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून त्याने आजूबाजूला पाहिलं. इतके दिवस त्याला वाटायचं, आपण यंत्राला फसवलं. आपण मोठे हुशार. आता त्याच्या ध्यानात आलं की कोणी फसलंच नव्हतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि सगळ्यांना तेच हवं होतं.

येताना मूलपर्यंत बसमध्ये त्याने ठरवलं. सांगून टाकायचं. पोलीस तर पोलीस. खरं ते खरं. बस स्टँडवर थांबली, आणि त्याला आईची गोळ्यांची पिशवी आठवली. त्या गोळ्या त्याच्या पगारातून यायच्या, डोळ्याच्या डॉक्टरची तारीख त्याच्या पगारातून यायची. मग त्याने ठरवलं, नको. घरी पोचेपर्यंत त्याने तीन वेळा ठरवलं आणि तीन वेळा मोडलं. आशाबाईने त्याच्या पावलांवरूनच ओळखलं. "का झालं रे?" तिने विचारलं. "काई नाई, माय, ऊन लागलं," तो म्हणाला, आणि तिने चाचपत जाऊन त्याला कांदा किसून दिला.

मंगळवारी सकाळी तिघं रेंज ऑफिसात गेले. पत्रूने धुतलेला शर्ट घातला होता. ताराबाई बाहेरच्या पडवीत बसली, मांडीवर पिशवी घेऊन. हेमराज आणि पत्रू आत. कोपऱ्यात एक गार्ड उभा, बाहेर जीप उभी.

नीलिमा मॅडमनी टेबलावरचा कागद हेमराजकडे वळवला. कंपनीचं उत्तर छापून घेतलं होतं. चार ओळी. वर हेमराजचं नाव, खाली त्याचा गुरुवार.

"तुम्ही म्हणालात, तुम्ही तलावात होता," मॅडम म्हणाल्या. "कंपनी म्हणते, दिवसभर ऑफिसात होता. दोन्ही खरं नसणार. तुम्ही इथे खोटं सांगितलं असेल तर तो गुन्हा आहे, हे तुम्ही जाणता. आणि तुमचं खरं असेल, तर मग कंपनीने सरकारी खात्याला खोटं लिहिलं. मला आजच त्यांना खुलासा मागावा लागेल. बोला, काय लिहू?"

वाक्य तयार होतं. फोन खणात होता, मॅडम. पाच शब्दही नव्हते ते. रात्रभर त्याने ते मनात घोकलं होतं. त्याने तोंड उघडलं, आणि जीभ टाळ्याला चिकटून बसली. त्याला धनराज सर दिसले, सगळे खण दिसले, चाचपत भिंत धरून येणारी आई दिसली. मॅडम वाट बघत होत्या. कोणीही पाहिलं असतं तरी कळलं असतं, की हा माणूस बोलायला आला आहे आणि याला बोलता येत नाही.

पत्रूला कळलं.

"मॅडम, त्याले सोडा," पत्रू म्हणाला. "तो नव्हता तिथी. तो चंद्रपूरलेच होता, ड्युटीवर. मीच त्याले म्हनलो का असं असं सांगजो. लहान आहे, भोळा आहे, सांगतलं त्यानं."

"भाऊजी," हेमराज म्हणाला. एवढंच.

"तू चूप राय ना बे." पत्रूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "मी एकटाच होतो मॅडम. झाडाखाली कचरा होता, लावली काडी. मले का मालूम वारा सुटन. त्या देवाजीचं लय वाईट वाटते मले, हे मात्र खरं बोलून राह्यलो."

मॅडमनी पेन खाली ठेवला. त्या अनुभवी नव्हत्या, पण मूर्खही नव्हत्या. पत्रूकडे बघितलं, मग हेमराजकडे बघितलं, बराच वेळ. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुम्हाला शेवटचं विचारते. हे म्हणतात ते बरोबर आहे का? गुरुवारी तुम्ही कुठे होता?"

खिडकीतून पडवी दिसत होती. ताराबाई भिंतीला टेकून बसली होती. आतलं सगळं तिला ऐकू येत होतं.

"ऑफिसात होतो," हेमराज म्हणाला.

मॅडमनी ते लिहून घेतलं. त्याला वाचायला दिलं, त्याने वाचलं नाही. सही केली. सही नेहमीसारखीच आली. पत्रूने अंगठा दिला. मॅडम गार्डला म्हणाल्या की मूलच्या कोर्टात दुपारच्या आत पोचायला हवं. त्या हेमराजशी पुढे एक शब्द बोलल्या नाहीत.

बाहेर आल्यावर पत्रू जीपकडे जाता जाता थांबला. गार्डने थांबू दिलं.

"रडू नको बे," तो म्हणाला. "मले का होते? दोन टाइम आयतं खायले भेटते तिथी. तुह्या मायले, तुह्या बहिनीले पाह्यनारा बाहेर कोनी पाह्यजे का नाई? मी नोकरीवाला होतो का? तलाव कुठी पळून जाते माहा." आणि मग जरा थांबून, जिभेला हाड नसलेला तो माणूस पहिल्यांदाच अडखळला. "तारीले सांगजो, टोपलीचं मनाले लावून घेऊ नको म्हना."

जीप निघून गेली. धूळ बसेपर्यंत हेमराज तिथेच उभा राहिला. पडवीकडे वळायची त्याची छाती होईना. त्याला वाटत होतं, ताराबाई आता उठून येईल आणि आपल्या थोबाडीत मारील. मारावी. चारचौघांत मारावी. दोन्ही गालांवर मारावी, तेवढंच आपल्या मनाचं ओझं हलकं होईल. थोरली बहीण, लहानपणी तिने त्याला किती वेळा बदडलं होतं.

ताराबाई उठून आली. डोळे कोरडे होते. तिने पिशवीतून डबा काढला. पत्रूसाठी केलेला भात आणि मरळीचं कालवण, दिवसभर बसवून ठेवतील म्हणून पहाटे उठून बांधलेलं. जीप जाताना द्यायचं तिच्याकडून राहून गेलं होतं. तिने डबा हेमराजच्या हातात ठेवला.

"खाऊन घे," ती म्हणाली. "उद्या तुले ऑफिसले जा लागन."

"बाई, मी..."

"खाय ना रे. नासते मंग."

हेमराज पडवीच्या पायरीवर बसला. कालवण अजून कोमट होतं. ताराबाई समोर उभी राहिली, आणि त्याने शेवटचा घास खाईपर्यंत तिथून हलली नाही.